स्वस्त रिव्हॉल्व्हर, महाग रिव्हॉल्व्हर आणि माझा जुना कोट

आदरणीय व्याहीबुवा यांच्या सेवेशी,

कोट शिवणाऱ्या आपल्या व्याह्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत, म्हणजे हिचे गुडघे आणि माझी धडधड सोडली तर ठीक आहोत. (धडधड आता कमी आहे. का कमी आहे तेच पुढे लिहायचं आहे.) आपला रक्तदाब कसा आहे? विहीणबाईंची कंबर? आपल्या नातीचा, चिमीचा, खोकला गेला का? जावईबापूंना आशीर्वाद. आमच्या लेकीच्या हातून स्वयंपाकात मीठ कमीजास्त होत असेल तर सांभाळून घ्यावं. ते तिच्या आईकडून आलं आहे, माझा त्यात दोष नाही.

पत्रास कारण दोन. एक म्हणजे आपण विचारलं होतं की वखारीसाठी परवाना मिळालाच आहे, तर रिव्हॉल्व्हर स्वस्तातलं घ्यावं की महागातलं, आणि माझ्याकडे जे सराफ कपडे शिवून घ्यायला येतात त्यांना विचारून कळवावं. दुसरं कारण असं की गेल्या आठवड्यात मी न सांगता आपल्या दारात उभा राहिलो, चहा घेता घेता सोफ्याखाली वाकून पाहिलं, धुऊन वाळत घातलेल्या नव्या फ्रॉकांचे खिसे चाचपले आणि चिमीला मांडीवरून उतरवून निरोप न घेता निघालो. आपण मोठ्या मनाची माणसं, तोंडावर काही बोलला नाहीत. पण मी गेल्यावर घरात काय बोलणं झालं असेल याचा विचार करून मला झोप नव्हती. तर व्याहीबुवा, मी भ्रमिष्ट झालेलो नाही. माझ्याकडून सराफांचं रिव्हॉल्व्हर हरवलं होतं. आता सापडलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना आपल्याला माझ्यासारखा घाम फुटायला नको.

झालं असं. सराफांना रिव्हॉल्व्हर घेऊन काही दिवस झाले होते. आधी त्यांनी स्वस्तातलं घेतलं. त्यावर त्यांचे धाकटे बंधू म्हणाले की दादा, याच्यापेक्षा लायटर बरा, निदान पेटतो तरी. ते सराफांच्या मनाला लागलं आणि त्यांनी रागाने दुसरं महागातलं घेतलं. इतकं महाग की त्याच्या पैशात पहिल्यासारखी चार आली असती आणि वर माझ्या दुकानाचं भाडंही निघालं असतं. (भावाच्या एका वाक्याने माणसाला केवढा खर्च येतो पाहा. आमच्याकडे हे काम मेहुणे करतात.) आता दोन्हींतलं कुठलं अंगावर बाळगायचं हे काही ठरेना. तेव्हा त्यांनी ठरवलं की ते शिंप्याने ठरवावं. दोन्ही डबे घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, मास्तर, नवा कोट शिवायचा, आत खिसा करायचा, आणि जे कोटात दिसणार नाही ते मी ठेवणार. गोळ्या त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवल्या होत्या, आणि दोन्ही रिव्हॉल्व्हरं रिकामी असल्याचं मला उघडून दाखवलं. मी पाहिलं, पण त्या वेळी माझे डोळे मिटलेले होते.

एवढ्यात त्यांच्या दुकानातून बोलावणं आलं, मोठं गिऱ्हाईक बसलं आहे म्हणून. सराफ म्हणाले आलोच, आणि गेले. मी म्हणत होतो की अहो हे डबे घेऊन जा, पण माझा आवाज आपल्याला माहीत आहे, लग्नात सुद्धा कुणी ऐकला नव्हता. असली वस्तू कुणाकडे ठेवून जाणं कायद्यात बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक म्हटलं की सराफाला आणि शिंप्याला कायदा थोडा उशिराच आठवतो. मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि हिला बोलावलं. एकट्याने राहायची हिंमत नव्हती.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मास्तरांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या भारी कापडाला कात्री लावायच्या आधी नवा प्रकार स्वतःच्या अंगावर करून बघायचा. म्हणून मी माझा जुना तपकिरी कोट काढला (तोच, लेकीच्या लग्नात घातलेला, ज्याला आपल्याकडच्या कुणीतरी सोफ्याचं कव्हर म्हटलं होतं), आतल्या अस्तराला डावीकडे कच्चा खिसा लावला आणि आधी स्वस्तातलं घातलं.

आता आपण विचारलेला फरक लिहितो, नीट वाचावा. स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की वजन सगळं पुढे नळीकडे जातं, जड डोक्याच्या माणसासारखं. गोळ्यांचं चक्र फिरवलं तर खडखडतं, माझ्या जुन्या मशीनच्या बॉबिनसारखं. चाप ओढायला इतका ताठ की दोन बोटं लागतात, आणि ओढल्यावर नळी भलतीकडेच बघते. (सराफांनीच करून दाखवलं. नळी माझ्या इस्त्रीकडे वळली होती.) कडा घासलेल्या नाहीत. मागचा घोडा टोकदार. तो अस्तरात अडकला आणि अस्तर टरकन फाटलं. ते घालून मी दुकानात इकडून तिकडे चाललो, तर कोटाची डावी बाजू गुडघ्याकडे निघाली आणि खांदा कानापासून लांब गेला. ही म्हणाली, तुम्ही पाण्याची बादली घेऊन चालल्यासारखे दिसता, फक्त बादली दिसत नाही. हिचं बोलणं मला आवडलं नाही, पण माप म्हणून ते बरोबर होतं.

मग ते काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या हाताने त्याच्या डब्यात ठेवलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा या पुसण्याने केला.

महागातल्याची गोष्टच वेगळी. सगळ्या कडा अशा गोल केलेल्या की रेशमी अस्तरावरून फिरवलं तरी धागा निघू नये. घोड्याचं टोक बसकं, कुठे अडकायचं नाव नाही. चक्र फिरतं तेव्हा कान देऊन ऐकावं लागतं. मूठ हातात अशी बसते की जणू आपल्या तळहाताचं माप घेऊन केली आहे, आणि वजन पुढेही नाही, मागेही नाही, मधोमध. परदेशी कात्री आणि फुटपाथवरची कात्री यांत जो फरक असतो तोच. दोन्ही कापतात, पण एक कापड कापते आणि दुसरी शिंप्याला. ते पाहून मलाही चेव आला. मी कच्चा खिसा उसवला, पुन्हा तिरका लावला, आणि त्याला आतून एक पट्टी देऊन ती वर खांद्याच्या कॅनव्हासला, म्हणजे आतल्या जाड कापडाला, टाचली, म्हणजे भार कापडावर न येता खांद्यावर जावा. रिव्हॉल्व्हर आत सरकवलं. चाललो. वाकलो. खुर्चीवर बसलो, उठलो. व्याहीबुवा, काही कळेना! अंगावर काही आहे की नाही तेच कळेना. ही चष्मा लावून चारी बाजूंनी फिरली आणि म्हणाली, आता कसे माणसासारखे दिसता. इतक्या वर्षांच्या कामात असा खिसा माझ्या हातून झाला नव्हता. मी माझ्याच खिशावर खूश होऊन आरशासमोर उभा होतो आणि दारावर थाप पडली.

सराफ घाईत होते. गिऱ्हाईक त्यांना अजून सोडत नव्हतं. टेबलावर दोन डबे एकावर एक होते, दोन्हींची झाकणं लावलेली. ते उचलून म्हणाले, उद्या सावकाश बोलू. मी होय होय म्हणत दारापर्यंत पोचवायला गेलो. माझ्या मनात पक्कं होतं की मी पुसून डब्यात ठेवलं आहे. पुसलं होतं एकच, पण मनाने दोन्ही ठेवून टाकली. पाठोपाठ जावईबापू आले, चिमीचे फ्रॉक बांधून ठेवलेलं गाठोडं त्यांनी स्कूटरला अडकवलं आणि गेले. मग बाहेर गार वारा सुटला म्हणून मी कोटाची बटणं लावली आणि पुढच्या कामाला बसलो.

दुपारी सराफांचा फोन आला. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला आधी वाटलं कुणी गेलं. म्हणाले, मास्तर, महागाच्या डब्यात नुसता मखमलीचा खड्डा आहे. मग म्हणाले, संध्याकाळपर्यंत शोधा. नाहीतर मला पोलिसांत कळवावं लागेल, आणि कळवलं की आधी माझा परवाना जाईल, मग तुम्ही जाल.

मी जाईन म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी स्वतःच ठरवून घेतलं. व्याहीबुवा, माझ्यासारख्या माणसाची तुरुंगात जायची तयारी फार लवकर होते. मला पहिली काळजी पडली की तिथे माझ्या धडधडीच्या गोळ्या वेळेवर कोण देईल. आणि दुसरी, खरं सांगतो, आपली. मुलीच्या बापाने हत्यार गहाळ केलं, हे आपल्या गल्लीत कळलं तर लेकीने मान वर करून कसं चालायचं?

आम्ही दुकान पालथं घातलं. मशीनचे खण, चिंध्यांचं पोतं, इस्त्रीखालचं कांबळं. हिने तांदळाचा डबा सुद्धा उपसला. मी म्हटलं तिथे कसं जाईल, तर म्हणाली तुमच्या हातून कुठेही जाईल. मग एकदम माझ्या डोक्यात आलं, गाठोडं! त्याच टेबलावर फ्रॉकांचं गाठोडं होतं. त्यात तर गेलं नाही? चिमीच्या फ्रॉकांमध्ये? फोन करावा तर आपल्याकडे फोन विहीणबाई उचलतात. (त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांना सकाळी सांगितलेलं दुपारी आमच्या बसच्या कंडक्टरला माहीत असतं.) म्हणून मिळेल ती बस धरली.

तर असा मी आपल्या दारात आलो. फ्रॉकांना एक टाका राहिला आहे असं खोटं बोललो. फ्रॉक तर धुऊन दोरीवर गेलेले. धुतले म्हणजे गाठोडं उघडलं, आणि घरात कुणी किंचाळलेलं दिसत नव्हतं, म्हणून जरा धीर आला. तरी सोफ्याखाली पाहिलं. त्यात आपण रिव्हॉल्व्हरांची रंगीत चित्रं असलेलं पुस्तक आणून माझ्या पुढ्यात उघडलंत आणि विचारलंत, बोला, यातलं कुठलं? त्या वेळी मी पाणी मागितलं ते तहान लागली म्हणून नव्हे. आपण पानं उलटत होता, हे टिकाऊ, ते हलकं, आणि चिमी येऊन माझ्या मांडीवर चढली आणि लगेच झोपलीही. मी तिला धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, इथे नाही, एवढं तरी बरं झालं.

परतताना मी ठरवलं की सराफांनी सांगण्यापेक्षा आपणच सांगावं, आणि पोलीस चौकीत गेलो. हवालदार भला माणूस होता. त्याने बसायला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, आजोबा, काय हरवलं? माझ्या तोंडून निघालं, छत्री. का निघालं ते मला माहीत नाही. जीभ टाळूला चिकटली होती आणि त्यातल्या त्यात लहान शब्द बाहेर आला. आणि बोलता बोलता मला रडू आलं. हवालदार म्हणाला, "आजोबा, बायको गेल्यावर न रडणारी माणसं पाहिलीत मी. छत्रीला रडणारे तुम्ही पहिलेच." मग छत्रीचा रंग विचारला. मी काळा सांगितला. मूठ कशी? वाकडी म्हणालो. त्याने सगळं लिहून घेतलं, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि चौकीच्या पायरीपर्यंत सोडायला आला.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सराफांनी दिलेली वेळ संपत आली होती. मी दारातच बसलो. हिने माझ्या अंगातला कोट काढून घेतला (सकाळपासून तोच अंगात होता, मी बदललाच नव्हता) आणि खुंटीवर अडकवला. खुंटी भिंतीतून निघाली आणि कोट धाडकन खाली पडला.

आम्ही दोघं कोटाकडे बघत राहिलो. कोट असा पडत नसतो. कोट पडला की फस्स आवाज येतो, हे मी शिंपी म्हणून सांगतो.

व्याहीबुवा, काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण कळसा इतका चांगल्या प्रतीचा असेल तर काखेला कळत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. बसमध्ये, आपल्या सोफ्यावर, चौकीत हवालदाराच्या समोर ते माझ्या छातीशी होतं. माणसाला कळलं नाही ते खुंटीला कळलं. मी तिथेच फरशीवर बसून हसायला लागलो. मग हिने विचारलं की हसता की रडता, तर ते मलाही नक्की सांगता येईना. आयुष्यात पुष्कळ गोष्टी वेळेवर मिळाल्या, मास्तरांकडचा पहिला पगार, दवाखान्यात रक्ताची बाटली, लेकीला आपल्यासारखं घर, पण असं हलकं कधी वाटलं नव्हतं. कोटाला हात लावायची मात्र दोघांची तयारी नव्हती. शेवटी झोपलेलं मूल उचलावं तसा दोघांनी दोन बाजूंनी कोट उचलला आणि तसाच सराफांच्या दुकानात नेला. रस्त्यात लोकांना वाटलं कोट आजारी आहे.

सराफ गादीवर बसले होते. त्यांनीही कुणाला काही सांगितलं नव्हतं. रिव्हॉल्व्हर खिशातून काढून पाहिलं आणि आधी मला मिठी मारली. मग माझ्याकडून शब्द घेतला आणि स्वतःही दिला, की असली वस्तू पुन्हा एका क्षणासाठीही दुसऱ्याकडे सोडायची नाही. मग कोट पाहायला मागितला. खिशात हात घालून बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, दिवसभर तुम्हाला कळलं नाही? मग चोराने काढून घेतलं असतं तर मला तरी कुठे कळलं असतं?" आणि त्यांनी उठून तिजोरी उघडली. तेव्हापासून दोन्ही रिव्हॉल्व्हरं तिजोरीत आहेत. तिजोरी राखायला रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आता रिव्हॉल्व्हर राखायला तिजोरी ठेवली आहे. सराफ म्हणतात, झोप मात्र चांगली लागते.

तर आपल्या प्रश्नाचं उत्तर असं. कारागिरी पाहाल तर महागातलं. त्यात वाद नाही, पैसा दिसतो. पण बाळगायचं असेल तर माझ्या अल्प बुद्धीला स्वस्तातलंच बरं वाटतं. ते टोचतं, ओढतं, अस्तर फाडतं, एक पाऊल टाकलं की आठवण देतं, बाबा, मी आहे. हत्यार अंगावर असल्याचा विसर पडावा इतकं चांगलं हत्यार माणसाने घेऊ नये. आपण जाणते आहात. मी सातवीपर्यंत शिकलेला, त्यातही सहावी दोनदा.

विहीणबाईंना नमस्कार, चिमीला गोड पापा. चुकलंमाकलं पोटात घालावं.

आपला,
कोट शिवणारा व्याही

ता. क. छत्री सापडली. हवालदार स्वतः दुकानात घेऊन आला. काळी, वाकड्या मुठीची. म्हणाला, आजोबा, आता रडू नका. मला नाही म्हणवलं नाही. आता दाराशी उभी आहे आणि मला तिची भीती वाटते. मुठीला निळी चिंधी बांधली आहे. आपल्याकडचं कुणी मध्यंतरी इकडे येऊन छत्री विसरलं होतं का?

ता. क. दुसरा. हे आत लिहायचं टाळलं, पण पत्र चिकटवताना हात थांबला. आपल्या सोफ्यावर चिमी झोपली तेव्हा तिचा कान माझ्या छातीच्या डाव्या बाजूला होता. कोटाच्या त्याच बाजूला. रिकामं होतं हे खरं, पण ते मला नंतर आठवलं, आणि ते तिथे आहे हे तर माहीतच नव्हतं. मी हिला हे सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही. लेकीने मला फोनवर गळ घातली होती की बाबा, तुम्ही मामंजींना समजवा, घरात ती वस्तू नको. मी तिला म्हटलं, मुलीच्या बापाने व्याह्यांना काय समजवायचं? लग्न झाल्यापासून मी आपल्याकडे काही मागितलेलं नाही, आणि पुढेही मागणार नाही. हे एवढं एकच. स्वस्तही घेऊ नका, महागही घेऊ नका. वखारीला पाहिजे तर कुत्रा पाळा, मी त्याला थंडीचा कोट शिवून देईन.

ता. क. शेवटचा. आपण मागे शिवायला टाकलेला नवा कोट तयार आहे, जावईबापूंबरोबर पाठवतो. आतला खिसा सांगितल्याप्रमाणे डावीकडे केला आहे, तिरका, पट्टी देऊन. फक्त माप आपल्या चष्म्याच्या डबीचं घेतलं आहे. दुसरं काही त्यात बसणार नाही. आपण त्या दिवशी चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधत होता, आणि मी सोफ्याखाली शोधत होतो. विहीणबाई दोघांकडे बघत होत्या. त्या मनात काय म्हणाल्या असतील ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं आहे.